पुरंदरच्या डोंगरातले राजे उमाजी नाईक

परदेशच्या बातम्यांत कंदील पर्वताचे नाव आपण अनेकदा ऐकले असेल. मराठी कानाला हे नाव दिव्याचे वाटते, पण हा डोंगर इराक आणि इराण यांच्या हद्दीवर उभा आहे आणि तुर्कस्तानची हद्दही तेथून फार लांब नाही. साडेतीन हजार मीटरच्या आसपास उंचीची शिखरे, हिवाळ्यात बर्फाने बंद होणाऱ्या वाटा आणि खोल दऱ्या असा तो मुलूख आहे. १९८४ पासून तुर्कस्तानच्या सरकारशी लढणाऱ्या कुर्द कामगार पक्षाच्या सशस्त्र तुकड्यांनी १९९० नंतरच्या काळात याच डोंगरात आपली ठाणी केली. मे २०२५ मध्ये त्या पक्षाने संघटना मोडण्याचे आणि शस्त्रे खाली ठेवण्याचे जाहीर केले, तेव्हा हे नाव पुन्हा सगळीकडे छापून आले.

असा डोंगर आपल्या ओळखीचा नाही असे मात्र नाही. आपल्या मॉरिशसमध्ये ल मोर्न आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम त्या कड्यावर लपत असत आणि २००८ मध्ये त्याच आठवणीसाठी त्या डोंगराला जागतिक वारशाचा मान मिळाला. आणि ज्या सह्याद्रीच्या पायथ्याहून आपले पूर्वज जहाजात चढले, तो सह्याद्री तर अशा माणसांचे माहेरघरच होता. शिवाजीमहाराजांची गोष्ट आपल्या मुलांना पाठ आहे. पण महाराजांनंतर दीडशे वर्षांनी, इंग्रजांची कंपनी पुण्यात येऊन बसल्यावर, त्याच डोंगरात एका राखणदाराच्या मुलाने पाच-सहा वर्षे सरकारची झोप उडवली, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. त्यांचे नाव उमाजी नाईक. आडनाव खोमणे.

उमाजींचा जन्म ७ सप्टेंबर १७९१ रोजी पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याशी भिवडी या गावी झाला. वडिलांचे नाव दादजी आणि आईचे लक्ष्मीबाई. घराणे रामोशी समाजाचे आणि पुरंदरच्या राखणीचे काम त्यांच्याकडे होते. पुरंदर सुमारे ४,४७० फूट उंच आहे. आपले सर्वांत उंच ब्लॅक रिव्हर पीक २,७१७ फूट, म्हणजे आपल्या शिखरावर अजून अर्ध्याहून जास्त डोंगर चढवावा तेव्हा पुरंदरची बरोबरी होईल. याच किल्ल्यावर १६५७ मध्ये संभाजीमहाराज जन्मले. एवढ्या मोठ्या किल्ल्याच्या वाटा, चोरवाटा, पाण्याची टाकी आणि कपारी ज्या मुलाला खेळता खेळता पाठ झाल्या, त्याला पुढे नकाशाची गरज कशी पडावी? वडील वारले तेव्हा उमाजी दहा-अकरा वर्षांचे होते.

रामोशी म्हणजे कोण, हे येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण सगळ्या गोष्टीचे मूळ त्यात आहे. मराठी मुलखात प्रत्येक गावाला राखणदार असे. रात्री गावाभोवती फिरणे, आलागेला कोण ते पाहणे, खळ्यावरचे धान्य आणि गोठ्यातली गुरे सांभाळणे हे त्याचे काम. पुणे, सातारा या भागांत हे काम बहुतेक रामोशांकडे असे. चोरी झाली की रामोशाने माग काढायचा. तो जमिनीवरचा पावलाचा ठसा शोधी, काडीने त्याचे माप घेई आणि त्या मापावर चालत राही. माग दुसऱ्या गावाच्या शिवेत शिरला, की तो त्या गावच्या रामोशाच्या हवाली करायचा, मग पुढची जबाबदारी त्या गावाची. माग आपल्याच गावात विरला, तर चोरीचा माल रामोशाने शोधून द्यायचा, नाहीतर भरपाई करायची. या कामाबद्दल त्याला गावाकडून धान्याचा हक्क मिळे, कोठे कोठे इनाम जमीनही मिळे. ही माणसे जेजुरीच्या खंडोबाची भक्त. भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द मोडायचा नाही, असा त्यांचा रिवाज. आपसांत बोलायला त्यांची एक सांकेतिक बोलीही होती.

ही व्यवस्था फार न्यायाची होती असे मी म्हणणार नाही. जो राखतो तोच प्रसंगी लुटतो, अशी लोकांची रामोशांविषयी तक्रार होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. पण त्या व्यवस्थेत रामोशाला जागा होती, मान होता आणि चूल पेटत होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पुरंदरच्या रामोशांकडून किल्ल्याची राखण गेली आणि १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर उरलेसुरलेही गेले. कंपनी सरकारने किल्ल्यांवरच्या शिबंद्या मोडल्या. गावाच्या बंदोबस्ताची व्यवस्था बदलली, जुन्या हक्कांना कात्री लागली. हजारो माणसे, ज्यांना शस्त्र आणि डोंगर याखेरीज दुसरे काही येत नव्हते, ती एकाएकी रिकामी झाली.

उमाजी त्यांतलेच एक. सुरुवातीला ते दरोडे घालीत, हे स्वच्छ सांगितलेले बरे. पनवेल-मुंबईकडच्या एका व्यापाऱ्याच्या मालावर घातलेल्या दरोड्यात ते पकडले गेले आणि त्यांना तुरुंगवास झाला. त्या तुरुंगात त्यांनी एक काम केले, जे त्यांच्याबरोबरच्या थोड्यांनीच केले असेल. ते लिहायला वाचायला शिकले. कोणी शिकवले, कशावर गिरवले, त्याची नोंद नाही. रोज पाटी-पेन्सिल हाताळणाऱ्या माझ्यासारखीला त्यांच्या सगळ्या पराक्रमांत हाच मोठा वाटतो. बाहेर आलेला माणूस आता तलवारीबरोबर जाहीरनामाही काढू शकत होता.

सुटल्यावर ते सत्तू नाईक यांच्या टोळीत होते. १८२४ मध्ये या टोळीने पुण्याला लागून असलेल्या भांबुर्ड्याचा सरकारी खजिना लुटला. भांबुर्डे म्हणजे आजचे शिवाजीनगर, म्हणजे कंपनीच्या छावणीच्या अगदी नाकासमोर. पुढे सत्तू नाईक वारले आणि नाईकपण उमाजींकडे आले. १८२६ मध्ये सरकारने त्यांना पकडून देणाराला १०० रुपयांचे बक्षीस लावले. पुढच्या वर्षी ते १,२०० झाले. कोणी पुढे आले नाही.

का आले नाही, त्याची दोन कारणे आहेत. पहिले कारण म्हणजे नकाशा. पुरंदरच्या दक्षिणेला नीरा नदी वाहते. १८१८ मध्ये इंग्रजांनी साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराजांना बसवले, १८१९ मध्ये त्यांच्याशी तह केला आणि राज्याची उत्तरेची हद्द नीरा नदी ठरवली. नदीच्या उत्तरेला कंपनीचा पुणे जिल्हा, दक्षिणेला साताऱ्याचे राज्य. पश्चिमेला डोंगरात भोरच्या पंत सचिवांची जहागीर. घाट उतरून कोकणात गेले की एका बाजूला कंपनीचा मुलूख, दुसऱ्या बाजूला कुलाब्याचे आंग्रे आणि जंजिऱ्याचे सिद्दी. एका दिवसाच्या चालीत तीन-तीन सरकारे! कंपनीच्या कप्तानाला नीरा ओलांडायची तर साताऱ्याशी पत्रव्यवहार करावा लागे. उमाजींना नदी ओलांडायला फक्त उतार माहीत असावा लागे. पुरंदरला पाठलाग सुरू झाला की ते मांढरदेवीच्या डोंगरात दिसत, तेथे फौज पोचेपर्यंत भोरच्या रानात. कंदील पर्वताची बातमी वाचताना मला हीच नीरा नदी आठवते. हद्द ही राज्याला कुंपण वाटते, डोंगरात राहणाऱ्याला ती दार असते.

दुसरे कारण माणसे. डोंगर कितीही अवघड असला तरी डोंगरात भाकरी उगवत नाही. रात्री कोणीतरी पिठले-भाकरी बांधून द्यावी लागते, फौज कोठवर आली ते सांगावे लागते, आणि सरकारी माणसाने विचारल्यावर काही माहीत नाही असे तोंड करावे लागते. हे सारे गावोगावच्या लोकांनी केले. त्यांत रामोशी होते तसेच पाटील, कुलकर्णीही होते, कारण नव्या राज्यात हक्क फक्त रामोशांचेच गेले नव्हते. लुटीतले धन उमाजी गोरगरिबांना वाटत, बायकांना त्रास देऊ देत नसत, असे त्या भागात आजही सांगतात. ते दरबार भरवू लागले, लोक त्यांना राजे म्हणू लागले.

पण याची दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणे मला पटत नाही. उमाजी गावांकडून पट्टी वसूल करीत. ती न देणाऱ्याचे हाल होत, बातमी देणाऱ्याला भयंकर शिक्षा मिळे. दुसरीकडे सरकारी फौज गावात उतरली की तिचा जाच निराळा. दोन्हीकडून भरडला जाणारा शेतकरी उमाजींवर प्रेमाने गप्प राहिला की भीतीने, हे प्रत्येक गावात वेगळे असणार. दोन्ही असू शकते.

शस्त्राने काम होत नाही असे पाहून सरकारने निराळा रस्ता धरला. सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, १८२८ मध्ये, उमाजी आणि त्यांच्या साथीदारांना माफी मिळाली. त्यांना सरकारी नोकरीत घेतले, जमिनी दिल्या आणि त्याच डोंगराची राखण त्यांच्याकडे सोपवली. म्हणजे जे काम त्यांच्या वडिलांकडे होते तेच, फक्त धनी बदलला. गोष्ट येथेच संपली असती, तर उमाजी नाईक हे नाव एखाद्या सरकारी दप्तरात पडून राहिले असते आणि ते स्वतः भिवडीला म्हातारे झाले असते.

तसे झाले नाही. उमाजी राखण करीत, पण गावांकडून आपला जुना हक्क आपल्या हिशेबाने वसूलही करीत. सरकारला ती खंडणी दिसली, उमाजींना तो वतनाचा हक्क वाटला. ज्याला राजा म्हणून मुजरे घेण्याची सवय झाली, त्याला महिन्याच्या पगारावर सही करणे जड गेले असेल, हेही खरे. मने फाटली. सरकारने त्यांना अडकवून ठेवले आणि १८३० च्या अखेरीस ते निसटून पुन्हा डोंगरात गेले. कॅप्टन बॉइड त्यांच्या पाठीवर मांढरदेवीच्या डोंगरापर्यंत गेले, पण हाती काही लागले नाही.

यानंतरचे उमाजी पहिल्यासारखे राहिले नाहीत. १६ फेब्रुवारी १८३१ रोजी त्यांनी एक जाहीरनामा काढला. राजेरजवाडे, सरदार, जमीनदार, वतनदार आणि सामान्य रयत, हिंदू आणि मुसलमान, अशा सगळ्यांना उद्देशून तो होता. कंपनीची नोकरी सोडावी, फिरंग्यांना जेथे सापडतील तेथे ठार करावे, खजिने लुटावेत, सरकारला सारा भरू नये, आणि जे गाव हे ऐकणार नाही त्याला शासन होईल, अशी त्यातली आज्ञा होती. भाषा कडक आहे आणि निरपराध्यांच्या रक्ताची तिला पर्वा नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. यात रामोशांच्या गेलेल्या जमिनीपुरते मागणे राहिलेले नाही. आता मागणे आहे ते कंपनीचे राज्यच जाण्याचे, आणि तेही १८५७ च्या सव्वीस वर्षे आधी. म्हणून महाराष्ट्रात कित्येक लोक उमाजींना आद्य क्रांतिकारक म्हणतात. तीच पदवी वासुदेव बळवंत फडके यांनाही लावतात आणि त्यावरून कधीकधी वादही होतात. मला त्या वादात रस नाही. फडके यांनी १८७९ मध्ये बंड केले, तेव्हा त्यांच्याबरोबर दौलतराव नाईक आणि त्यांचे रामोशीच होते, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

जाहीरनाम्यानंतर सरकारला उमाजी पकडले जाणे किंवा मरणे याखेरीज काही चालणार नव्हते. या कामावर कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश यांची नेमणूक झाली. हे गृहस्थ हुशार होते. फौज डोंगरात पळवून उपयोग नाही, डोंगरातला माणूसच फोडला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. बक्षीस चढत चढत १०,००० रुपये आणि ४०० बिघे जमीन इथवर आले. पाच वर्षांपूर्वी १०० रुपये होते! ज्या माणसांची जमीन गेली म्हणून बंड सुरू झाले, त्यांच्यासमोर आता जमीनच ठेवली गेली. साथीदारांपैकी काळू नाईक आणि नाना चव्हाण यांचे मन फिरले. भंडाऱ्याची शपथ ४०० बिघ्यांपुढे टिकली नाही. त्या दोघांना आज सगळे फितूर म्हणतात. म्हणावेच. पण वर्षानुवर्षे रानात, रोज नवी कपार, घरची माणसे सरकारच्या पहाऱ्यात, अशा जगण्याचा थकवा काय असतो, ते घरात बसून सांगणे सोपे नाही.

१५ डिसेंबर १८३१ रोजी भोरजवळच्या उत्रोळी गावी उमाजी पकडले गेले. पुरंदरवर नाही, मांढरदेवीच्या कड्यावर नाही, तर सपाटीवरच्या एका गावात, ओळखीच्या हातांनी.

त्यांना पुण्याला आणून खडकमाळ आळीतल्या मामलेदार कचेरीत ठेवले. तेथे एक विलक्षण गोष्ट घडली. मॅकिंटॉश त्यांच्याकडे येऊन बसू लागले. उमाजींचे घराणे, रामोशांच्या चालीरीती, देवदैवते, त्यांची सांकेतिक बोली, कोणत्या वाटेने कोठे पळाले, कोणी मदत केली, हे सारे ते विचारीत आणि टिपून घेत. पुढे १८३३ मध्ये मुंबईत त्यांचे रामोशांवरचे इंग्रजी पुस्तक छापले गेले. आज उमाजींविषयी जे काही आपण जाणतो, त्यातले पुष्कळसे या एका पुस्तकातून आले आहे. पकडणाऱ्यानेच चरित्र लिहिले! साहजिकच त्यात उमाजी दरोडेखोर आहेत. पण हा मनुष्य शिवाजीमहाराजांचा कित्ता पुढे ठेवून चालला होता, हेही मॅकिंटॉश यांनी लपवले नाही. शत्रूने दिलेली ही साक्ष आहे, आणि ती उमाजींच्या बाजूच्या कोणत्याही पोवाड्यापेक्षा वजनदार आहे.

खटला चालला, शिक्षा ठरलेलीच होती. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी उमाजींना फाशी देण्यात आले. वय चाळीस. इतरांना दहशत बसावी म्हणून त्यांचा देह तीन दिवस पिंपळाला टांगून ठेवला होता, असे पुण्यात सांगतात.

येथे आपल्या बेटाची आठवण येणे साहजिक आहे. उमाजींच्या फाशीनंतर तीन वर्षे पुरी व्हायच्या आत, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ॲटलस जहाज पोर्ट लुईला लागले आणि गिरमिटियांचा काळ सुरू झाला. मुंबईहून आपली माणसे त्यानंतर काही वर्षांनी येऊ लागली. पण गिरमिटियांच्याही आधी, १८१५ पासून, हिंदुस्थानातले कैदी या बेटावर पाठवले जात होते. आधी ते बंगालकडून येत, पुढे मुंबई इलाख्यातूनही आले. त्यांनी आपले रस्ते बांधले. १८३६ मध्ये डार्विन पोर्ट लुईला उतरले, तेव्हा असे सुमारे आठशे कैदी येथे होते आणि त्यांच्या रुबाबदार चेहऱ्यांकडे पाहून त्या शास्त्रज्ञाला आश्चर्य वाटले. त्यांत पुरंदरच्या डोंगरातले कोणी होते की नाही, हे मी सांगत नाही. मात्र ज्या सरकारने तिकडे किल्ले मोडले, त्याच सरकारच्या कागदावर इकडची जहाजे भरली जात होती. आपले पूर्वज भाकरीसाठी निघाले असे आपण म्हणतो. ती भाकरी तिकडे कशी संपली, त्याचा एक धागा उमाजींच्या गोष्टीत आहे.

उमाजींबरोबर डोंगर शांत झाला नाही. १८४० नंतरच्या दशकात जुन्नर-अकोल्याच्या बाजूला राघोजी भांगरे यांच्या कोळ्यांनी बंड केले, त्या सुमारास उमाजींचे मुलगेही पुरंदरच्या रानात उतरले होते. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले आणि नीरेची हद्द पुसली गेली. दोन सरकारांच्या मधली ती फट बुजली. रामोशांच्या कपाळावर मात्र शिक्का राहिला. सबंध जातच गुन्हेगार, असे मानणारा कायदा इंग्रजांनी १८७१ मध्ये केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये रद्द झाला. आज महाराष्ट्रात रामोशी समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने त्यांच्यासाठी उमाजींच्या नावाने आर्थिक विकास महामंडळ जाहीर केले. गावाची राखण करणाऱ्याला गुन्हेगार ठरवायला थोडी वर्षे पुरली, तो शिक्का पुसायला किती लागतात ते तेथील रामोशी मुलांना शाळेत आणि नोकरीच्या रांगेत विचारावे.

आपल्यातली पुष्कळ कुटुंबे हल्ली भारतयात्रेला जातात आणि जेजुरीला खंडोबाचे दर्शन घेतात. त्यांनी सासवडला अर्धा दिवस जास्त ठेवावा. पुण्याहून दिवे घाट चढला की सासवड येते आणि तेथून पुरंदरच्या वाटेवर भिवडी गाव आहे. दर वर्षी ७ सप्टेंबरला तेथे उमाजींची जयंती होते. पुरंदर किल्ल्याचा काही भाग लष्कराकडे आहे, म्हणून प्रवेशाचे नियम आधी विचारून घ्यावेत आणि सकाळी लवकर जावे, संध्याकाळी वर थांबू देत नाहीत. हवा स्वच्छ असली तर माथ्यावरून दक्षिणेकडे डोंगरांच्या रांगा दिसतात. त्यांच्या मधून नीरा वाहते.